शेऱ्याचा रकाना

मानकोली नाक्यापासून आत, दापोड्याच्या बाजूला एका गोदामाच्या गेटवर एक जाड रजिस्टर असायचं. पुठ्ठ्याला लाल कापडी पाठ, मधे दोरीने बांधलेलं पेन, त्या पेनाचं टोपण केव्हाच हरवलेलं. रकाने नेहमीचेच: तारीख, वेळ, गाडी नंबर, ड्रायव्हरचं नाव, मोबाइल, बिल्टी म्हणजे मालाच्या पावतीचा नंबर, नग, सही. आणि सगळ्यात शेवटी, पानाच्या उजव्या कडेला, शेरा.

गोदामांसाठी मी पहिलं अ‍ॅप केलं ते या रजिस्टरवरून. सगळे रकाने जसेच्या तसे उचलले. गाडी नंबरचा फोटो काढला की नंबर आपोआप भरला जाईल, वेळ फोनच टाकेल, सही बोटाने. शेऱ्यासाठी खाली एक लहान चौकोन ठेवला, भरला तर भरला. मालकांनी ऑफिसात बसून बघितलं आणि खूश झाले. दोन आठवड्यांनी गेटवर गेलो तर रजिस्टर पुन्हा टेबलावर, आणि फोन चार्जिंगला लावून ठेवलेला. गोदामाचे कीपर वयाने माझ्या वडिलांएवढे. त्यांनी चहा मागवला आणि शांतपणे सांगितलं, “दादा, तुमच्या अ‍ॅपात गाडी येते आणि गाडी जाते. इथं गाडी येते, आणि मग तिचं काय काय होतं.”

मग त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. मी पहिल्यांदाच शेऱ्याचा रकाना उभा, वरपासून खालपर्यंत वाचला. सील तुटलेलं, फोटो काढला. 3 खोकी भिजलेली. बिल्टीवर 120, मोजले 118, ड्रायव्हरची सही घेतली. माथाडी जेवायला, गाडी 2 वाजता लावली. चावी सेठकडे. गाडी बदलली, नंबर खाली बघणे. बाकीचे आठ रकाने मिळून जेवढं सांगत होते, त्याहून जास्त त्या एका अरुंद पट्टीत होतं.

हे पुस्तक त्या पट्टीतून निघालं आहे. मोबाइल अ‍ॅपचं काम कसं आखावं, कसं उभारावं, कसं तपासावं आणि ते चालू झाल्यावर कसं सांभाळावं, असा याचा विषय. कोड लिहायला शिकवणारी पुस्तकं आणि व्हिडिओ ढिगाने आहेत. कोटलिन की फ्लटर, या वादात मी पडलेलो नाही. कोड चालायला लागल्यावर जे सुरू होतं ते मला लिहायचं होतं, आणि ते भिवंडीतच बसून लिहिता येईल असं वाटलं.

भिवंडीच का, तर हे गाव मुळातच रजिस्टरांवर चालतं. बाहेरच्या माणसाला भिवंडी म्हटलं की यंत्रमाग आठवतात. माग इथे आधीपासून होतेच, पण 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तो लांबत गेला आणि तिथलं बरंच काम इथल्या पत्र्याच्या शेडमध्ये आलं. गोदामांची गोष्ट वेगळी. मुंबईत माल नेला की जकात लागायची. मग माल हद्दीबाहेर उतरवून ठेवायचा, गिऱ्हाईक ठरलं की तेवढाच आत न्यायचा. मुंबई-नाशिक रस्ता दाराशी, न्हावाशेवा बंदर आवाक्यात. म्हणून काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, अंजूर अशा गावांत भाताच्या खाचरांवर गोदामं उठली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, जकात गेली. गोदामं मात्र वाढतच राहिली, कारण आता घरपोच माल पाठवणाऱ्या कंपन्यांना मोठ्या छपरांची गरज होती. एकीकडे ताग्यांचा हिशेब, दुसरीकडे खोक्यांचा. दोन्हीकडे वही, आणि वहीच्या शेवटी शेरा.

कुणी म्हणेल, गेटवरच्या वहीवरून एवढं काय काढता. मग सरकारी उदाहरण घ्या. सातबाऱ्यातला गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही, आणि तिचाही शेवटचा रकाना शेरा हाच. ही नोंद पूर्वी तलाठी करायचे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. महसूल आणि कृषी खात्यांनी टाटा ट्रस्टच्या मदतीने अ‍ॅप आणलं, आणि शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून फोटोसह पीक नोंदवायचं ठरलं. कल्पना धाडसी होती. भिवंडी तालुक्यातल्या भातवाल्यापासून विदर्भातल्या कापूसवाल्यापर्यंत सगळ्यांच्या हातात एकच पडदा. शेतात रेंज नसते हे धरून नोंद फोनमध्ये ठेवून नंतर पाठवायची सोय होती. पण शेतात एकाच बांधाआड चार पिकं असतात, गडबडीत चुकीचं पीक निवडलं जातं, दुसऱ्याच्या गटात उभं राहून फोटो निघतो. वर्षभराने, 2022 च्या खरिपात दुसरी आवृत्ती आली ती या गोष्टी घेऊन: नोंदवलेलं 48 तासांत स्वतः दुरुस्त करता येऊ लागलं, मिश्र पिकात दुय्यम पिकांची जागा वाढली, आणि फोटो काढताना आपण गटापासून किती लांब उभे आहोत ते दिसू लागलं. मला या आवृत्तीबद्दल फार आदर आहे. तिच्यातली प्रत्येक सुधारणा कुणीतरी बांधावर उभं राहून केलेल्या तक्रारीतून आली असणार, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

म्हणून पुस्तकातला आखणीचा भाग मी एका साध्या कामापासून सुरू केला आहे. गिऱ्हाईक “अ‍ॅप पाहिजे” म्हणालं की त्याच्याकडून मागच्या तीन महिन्यांची वही मागायची आणि फक्त शेरा वाचायचा. जे पुन्हा पुन्हा येतं त्याला पडद्यावर स्वतःचं बटण द्यायचं. जे कधीमधी येतं त्यासाठी बोलून नोंदवायची सोय ठेवायची, कारण गेटवर उभा माणूस एका हातात टॉर्च धरून परिच्छेद टाइप करत नाही. आणि जे शेऱ्यात अजिबात नाही पण मालकाच्या यादीत आहे, ते शेवटी करायचं. बऱ्याचदा ते करावंच लागत नाही.

मालकाची यादी आणि गेटवरची गरज यांची मारामारी मिटवायला एक जुनी युक्ती आहे. मालकालाच एक अख्खी पाळी गेटवर बसवायचं. एकदा असे मालक दुपारी दीड वाजता उन्हात आले, फोन हातात घेतला आणि म्हणाले, “अरे, हे हिरवं बटण दिसतच नाही.” ते हिरवं बटण त्यांनीच पसंत केलं होतं, एसीत बसून.

उभारणीच्या भागात एकच प्रसंग मी सविस्तर दिला आहे, कारण तो आमच्या अंगाशी आला होता. जुलैची रात्र, धो धो पाऊस. पत्र्याच्या मोठ्या शेडखाली मोबाइलची रेंज तशीही लंगडी असते, त्यात लाईट गेलेली. गेटवरच्या मुलाने “गाडी आत घेतली” दाबलं. पडद्यावरचं चाक फिरत राहिलं. त्याने पुन्हा दाबलं. मग बाहेर जाऊन रेंज शोधली आणि तिसऱ्यांदा दाबलं. सकाळी रिपोर्टमध्ये 43 गाड्या, आवारात 41. दोन गाड्या कागदावर आल्या होत्या, रस्त्यावर कुठेच नव्हत्या. मालकांनी आधी वॉचमनला धारेवर धरलं, मग आम्हाला. वॉचमन बिचारा रात्रभर भिजला होता.

झालं असं होतं की पहिला निरोप सर्व्हरला पोचला होता; फक्त “पोचला” ही उलट खबर रस्त्यात बुडाली. फोनला वाटलं गेलंच नाही. नोंदीला नंबर देत होता सर्व्हर, त्यामुळे तीच गाडी प्रत्येक वेळी नव्या नंबराने आत घेतली गेली. इथल्या कुठल्याही ट्रान्सपोर्टवाल्याला आम्ही हे आधी विचारलं असतं तर तो हसला असता. बिल्टीबुकावर नंबर आधीच छापलेला असतो. बिल्टी हरवली, दुसरी प्रत पाठवली, फोनवरून वाचून दाखवली, तरी नंबर तोच, म्हणून माल एकदाच चढतो. आम्ही तेच केलं. बटण दाबायच्या क्षणी, निरोप निघायच्या आधी, फोनच त्या नोंदीला जगात दुसरीकडे सापडणार नाही असा लांबलचक नंबर देतो. तो निरोप मग दहादा पाठवा. सर्व्हर पहिला ठेवतो आणि बाकीच्या नऊंना म्हणतो, मिळालं आहे. कोडमध्ये बदल जेमतेम तीस ओळींचा. तो सुचायला आम्हाला दोन न आलेल्या गाड्या लागल्या.

गेटवरच्या रजिस्टरने आणखी एक शिकवलं. हिशेबाच्या वहीत कुणी व्हाइटनर लावत नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, वर नवा आकडा, बाजूला सही. जुना आकडा रेघेखाली वाचता येतो. दोन फोनवरून एकाच नोंदीत दोन वेगळे आकडे आले तर कुणाचा खरा, यावर सॉफ्टवेअरवाले मोठमोठे वाद घालतात. आम्ही नोंद पुसणंच बंद केलं. दुरुस्ती ही नवी नोंद, जुनी तिच्याखाली रेघ मारलेली. नगांचं भांडण झालं की कीपर फोन पुढे करतात आणि म्हणतात, “बघा, रेघ कुणी मारली.”

भाषेचं प्रकरण मी आवडीने लिहिलं, थोडं लांबलंही. भिवंडीत मराठी, हिंदी, उर्दू आणि पद्मनगरात तेलुगू, असं एका फर्लांगात सगळं ऐकू येतं. उर्दूत पडदा उजवीकडून डावीकडे जातो, पण त्यातलाच एमएच 04 चा गाडी नंबर डावीकडून उजवीकडे. मागे-पुढे बाणांची बटणं उलटायची, फोन नंबर उलटायचा नाही. नस्तालिक वळणाला ओळ उंच लागते, नाहीतर अक्षरांची डोकी कापली जातात. मराठीची गंमत वेगळी. वऱ्हाळदेवीच्या तलावाजवळचा पत्ता एकाने टाइप केला आणि दुसऱ्याला शोधून सापडेना. दोघांच्या पडद्यावर शब्द हुबेहूब सारखा. पण ऱ्ह मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकदा ऱ हे वेगळं अक्षर घेऊन, एकदा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह देऊन. कुठला कीबोर्ड काय लिहितो ते वापरणाऱ्याला माहीत नसतं, असायची गरजही नाही. शोधायच्या आधी दोन्ही रूपं एक करून घेणं हे आपलं काम. शेऱ्या या शब्दातही तोच र आहे, हे लिहिताना लक्षात आलं.

तपासणीवर मी थोडं कडक लिहिलं आहे. “आमच्याकडे चालतंय” हे वाक्य आमच्या ऑफिसात बोलायला मनाई आहे. टेबलाच्या खणात सात जुने फोन आहेत, बाजारातून सेकंडहँड घेतलेले: एकाची काच तडकलेली, एकाची मेमरी गुड मॉर्निंगच्या फुलांनी गच्च भरलेली, एक बॅटरी वाचवायच्या नावाखाली मागे चालणारी सगळी कामं मारून टाकणारा, एकाची तारीख मुद्दाम चुकीची ठेवलेली. नवी आवृत्ती आधी या सात म्हाताऱ्यांसमोर जाते. नोंद करताना मधेच कॉल घ्यायचा, जतन होत असताना फोन बंद करायचा, अक्षरं सगळ्यात मोठी करून बघायची. चाळिशी लागलेले मुकादम अक्षरं मोठीच ठेवतात, आणि मग “पुढे” हे बटण पडद्याच्या बाहेर पडतं.

त्यानंतर जागेवर जायचं. मागाच्या शेडसाठी आम्ही पाळीचे तागे नोंदवायचं अ‍ॅप केलं होतं. ताण्याच्या सुताचं बीम संपत आलं की जॉबरच्या, म्हणजे माग सांभाळणाऱ्या मिस्त्रीच्या, फोनवर घंटी वाजायची. ऑफिसात छान वाजली. शेडमध्ये वीस-पंचवीस माग एकदम चालू असतात, धोट्यांच्या खडखडाटात शेजारच्याचं ओरडणं ऐकू येत नाही तिथे घंटी काय ऐकू येणार? फोन थरथरवला, तर तो खिशात नव्हता. रुई चार्जिंगच्या भोकात जाते म्हणून फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलेला. शेवटी जॉबरनेच सुचवलं, दाराशी एक पिवळा दिवा लावा. अ‍ॅपने दिवा लावला. आमच्या सगळ्या कामांत तिथे सगळ्यात जास्त वाहवा झाली ती त्या दिव्याची.

जागेवर तपासताना माझा एकच नियम आहे: फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि आपले हात पाठीमागे धरायचे. “इथं दाबा” म्हणायचं नाही. फार जड जातं. गूगलच्या प्ले स्टोअरवर 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी माणसं जमवून सलग 14 दिवस बंद चाचणी करावी लागते. आधी ही माणसं 20 लागायची, पुढे 12 झाली. नवी मुलं या नियमावर चिडतात आणि मामा-मावशींना जमा करून आकडा पुरा करतात. माझं म्हणणं, बारा माणसं शोधायचीच आहेत तर गेटवरची शोधा.

उरला सांभाळण्याचा भाग. पुस्तकातला तो सगळ्यात मोठा आहे आणि सगळ्यात कमी वाचला जाईल याची मला खात्री आहे. गिऱ्हाईकाचं वाक्य ठरलेलं असतं: एकदा पैसे दिले ना, आता कसले? मी त्यांना विचारतो, माग घेतलात तेव्हा जॉबर ठेवलात की नाही? माग बंद पडला तरच जॉबर लागतो असं मागवाला कधीच म्हणत नाही. जॉबर चालू मागाच्या आवाजावरून सांगतो की हा संध्याकाळपर्यंत धागा तोडणार. मेयर लेहमन या संशोधकाने 1970 च्या दशकात मोठ्या सॉफ्टवेअरांचा अभ्यास करून जवळपास हेच मांडलं: वापरात असलेला प्रोग्रॅम सतत बदलत ठेवला नाही तर तो हळूहळू निरुपयोगी होतो. जॉबरने लेहमन वाचलेला नाही, त्याचं अडलंही नाही.

कोडला हातही न लावता अ‍ॅप कसं बंद पडतं, याचं उदाहरण देशाने एकदम पाहिलं आहे. 8 मार्च 2021 ला व्यापारी एसएमएस आधी नोंदवलेल्या मजकुराशी ताडून पाहायची पद्धत कडकपणे लागू झाली आणि ज्यांचे मजकूर नोंदलेले नव्हते त्यांचे ओटीपी अडकले. बँकांपासून सगळ्यांचा खोळंबा झाला. दुसऱ्याच दिवशी ट्राय या दूरसंचार नियामकाने ते सात दिवसांसाठी थांबवलं. त्या सोमवारी ज्यांनी आपला कोड तासन् तास उलटापालटा करून तपासला, त्यांच्यात मीही होतो.

प्ले स्टोअरही दरवर्षी पट्टी वर सरकवतं. नवीन अँड्रॉइडच्या नियमांना धरून अ‍ॅप अद्ययावत ठेवलं नाही तर काही काळाने ते नव्या फोनवाल्यांना दुकानात दिसेनासं होतं. त्यात गेटवरच्या जुन्या फोनवर जुनीच आवृत्ती ठाण मांडून असते, कारण अपडेटला डेटा लागतो आणि डेटा ज्याचा त्याच्या खिशातला. म्हणून सर्व्हरवर काही बदलताना मागच्या तीन आवृत्त्यांशी बोलता आलं पाहिजे. बीम चढलेलं असताना फणी बदलता येत नाही.

आणि चावी. अ‍ॅपवर शिक्का मारायची एक गुप्त किल्ली असते. तीच किल्ली नसेल तर पुढची आवृत्ती त्याच अ‍ॅपची म्हणून चढत नाही. एका व्यापाऱ्याचं अ‍ॅप ज्या मुलाने केलं तो पुण्याला नोकरीला गेला. स्टोअरचं खातं त्याच्या स्वतःच्या ईमेलवर, किल्ली त्याच्या जुन्या लॅपटॉपवर, लॅपटॉप भावाने विकलेला. ऑगस्ट 2021 पासून नव्या अ‍ॅपांची शिक्क्याची किल्ली गूगलकडेच राहते, त्यामुळे हा घोळ कमी झालाय, पण खातं कुणाच्या नावावर हा प्रश्न उरतोच. गोदामाचं कुलूप कुणी हमालाच्या नावावर करत नाही. पहिल्या दिवशी खातं मालकाच्या नावावर, आणि पासवर्ड लिहिलेलं पाकीट त्याच्या तिजोरीत, असं करारात घाला. ड्रायव्हरांच्या लायसन्सचे फोटो साठवत असाल तर 2023 चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही डोळ्याखालून घाला. जे लागत नाही ते घेऊच नये, हा त्यातला माझ्या कामाचा भाग.

पुस्तक कुठूनही उघडलं तरी चालेल. बीएससी आयटी करून कल्याण-ठाण्याला नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींनी तपासणीपासून सुरू करावं, मालकांनी निदान किल्लीचं पान वाचावं. यात चुका असतील. काही तर छापून होईपर्यंत जुन्या झालेल्या असतील.

दापोड्याच्या त्या गेटवर मी गेल्या पावसाळ्यात पुन्हा गेलो. अ‍ॅप व्यवस्थित चालू होतं, आता शेऱ्याची आठ बटणं पहिल्याच पडद्यावर आहेत. टेबलावर रजिस्टरही होतं. बाकीचे रकाने कोरे, फक्त उजवी कड भरत आलेली. आदल्या रात्रीची नोंद कीपरच्या ठसठशीत अक्षरात: “लाईट नाही. अ‍ॅप 20 मि. बंद. गाड्या 6, नंतर भरल्या. 5 वी दोनदा दिसते, बघणे.” मी त्याचा फोटो काढला, खुर्ची ओढली आणि तिथेच लॅपटॉप उघडला.